मुंगलीबाईचा आवाज

सिंधीपुऱ्यात माझं दुकान आहे. पाटीवर 'लीलाधर व्हिडिओ अँड मिक्सिंग' असं लिहिलंय, आणि त्यातला 'मिक्सिंग' हा शब्द मी पेंटरकडून मुद्दाम दुप्पट मोठा काढून घेतला होता. कॅमेरा काय, कुणीही धरतो. खरी करामत नंतरची.

लग्नात पाच-सहा तास शूटिंग व्हायचं. त्यात आवाज काय असायचा? मंडपातला गोंगाट, भटजींचा खोकला, वाढप्यांची ओरड, कुणाच्या तरी पोराचं भोकाड. तो सगळा आवाज मी पुसून टाकायचो आणि वर गाणी बसवायचो. हळदीला एक, वरातीला एक, पाठवणीला सनई. नवरीची आई रडते त्या जागी सनई अशी चढवायचो की कॅसेट बघताना ती बाई परत रडायची. बुऱ्हाणपुरात तीस वर्षं हे काम केलं. मूळ आवाजासकट कॅसेट द्या म्हणणारं एकही गिऱ्हाईक मला भेटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खोटं आहे. एक भेटलं होतं.

गेल्या वर्षी डिसेंबरात पूजा कासदेकर दुकानात आली, तेव्हा मी एका हळदीचा ड्रोनचा व्हिडिओ कापत बसलो होतो. पंचवीस-सव्वीसची पोर, खांद्याला पिशवी, पायात धुळीने पांढरे झालेले बूट.

"तुम्ही लीलाधर काका ना? आंबाडोहला शूटिंगला आले होते?"

मी मान वर केली. तिचं कपाळ, ते खाली बघत बोलणं, सगळं सुकलालचं होतं. तिने ओळख सांगायची गरज नव्हती, तरी तिने सांगितली. सुकलालची मुलगी. खकनारच्या पुढच्या एका शाळेत अतिथी शिक्षक. आई मेळघाटातली, म्हणून मराठी येतं.

"काका, आम्ही फेब्रुवारीत गावात महोत्सव करून राहिलो. दोन दिवसाचा. आपल्या पोरांनी मोबाईलवर पिक्चर बनवले आहेत, ते दाखवू. कोरकू, बारेला, भील, सगळे येतील. थापटीचा नाच आहे, लाकडाचं कोरीव काम आहे. आजवर बाहेरचे येऊन आमचे फोटो काढत होते, आता आम्हीच आमचं दाखवू, असं आहे."

"चांगलं आहे," मी म्हणालो. काही चुकीचं बोलू नये म्हणून माणूस म्हणतो ना, तसं.

तिने पिशवीतून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली एक चकती काढली. माझीच व्हीसीडी. वर माझ्या हाताने मार्करने लिहिलेलं, 'सिडोली, सुकलालजी, आंबाडोह, २००६'.

"यात आजी गाते. पण आवाज तिचा नाही, बासरी आहे. आबा म्हणायचे की मूळची असली टेप तुमच्याकडे आहे. सांभाळून ठेवलीय म्हणायचे. आबांचा लय भरोसा होता तुमच्यावर."

आबा म्हणजे तिचा बाप, सुकलाल. मी व्हीसीडी हातात घेतली आणि उगाच तिच्यावरची धूळ पुसत बसलो.

सिडोली काय ते सांगितलं पाहिजे. कोरकू घरांत माणूस मेला म्हणजे लगेच सुटला असं होत नाही. तो घराभोवती, शेताभोवती फिरत राहतो. मग कधीतरी, घरची सोय झाली, नातेवाईक जमले, की त्याची सिडोली करतात. सागवानाची फळी कोरतात, तिला मुंडा म्हणतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. ती फळी गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली जुन्या मुंड्यांशेजारी पुरली की तो जीव आपल्या माणसांत जाऊन बसतो. यात वर्षं जातात कधीकधी. सुकलालच्या घरची रीत अशी होती की त्या दिवशी घरातली सगळ्यांत म्हातारी बाई गाते. मूळ पुरुषापासून एकेकाचं नाव घेत खाली उतरते, शेवटी नव्या मेलेल्याच्या नावाशी येते आणि म्हणते, हा तुमचाच आहे, याला ओळखा, जागा द्या.

मला हे सगळं तेव्हा माहीत नव्हतं. पूजाने सांगितलं तेव्हा कळलं. २००६ मध्ये मला एवढंच माहीत होतं की सुकलाल नावाचा वनखात्याचा चौकीदार आहे, त्याने रेंजरसाहेबांच्या मुलीच्या लग्नात माझं शूटिंग बघितलंय, आणि त्याला वडिलांच्या कार्याचं तसंच शूटिंग हवंय. मी हसलो होतो. तेराव्याचं शूटिंग कोण करतं? पण माघात तारीख मोकळी होती. मी आणि लाईट धरणारा वामन, दोघं जीपमधून आंबाडोहला गेलो.

तिथे मुंगलीबाई गात होती. सुकलालची आई. पातळ, काळी, वाकलेली, नाकात मोठी नथनी. ढोलाच्या ठोक्यावर एका सुरात, सकाळी सुरू झाली ती थांबेना. मी दुपारपर्यंत दोन कॅसेट भरल्या. भाषा कळत नव्हती, सूर आवडला नव्हता, भूक लागली होती. दुकानात आल्यावर मिक्सिंगला बसलो तेव्हा माझ्या कानाला ते रडगाणंच वाटलं. मी तो आवाज पुसला आणि एका हिंदी सिनेमातली बासरीची धून पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरवत ठेवली. खरं सांगतो, मला वाटलं मी उपकार करतोय.

महिनाभराने सुकलाल आला होता. रेशन दुकानदाराकडच्या मशीनवर त्यांनी व्हीसीडी बघितली होती. दारात उभा राहून, खाली बघत म्हणाला, "भाऊ, माय विचारते, माझं तोंड हलून राहिलं, आवाज कुठं गेला?"

"अहो, असंच असतं ते. सगळ्यांना असंच देतो."

"माय म्हणते, ते गाणं नव्हतं. ती नावं होती."

मला तेव्हाही त्यातलं काही कळलं नाही. म्हणालो, असली टेप आहे, सापडली की देतो, सीझन संपू द्या. दोन्ही कॅसेट तेव्हा खरोखर माझ्या कपाटात होत्या. त्या उन्हाळ्यात लग्नांची नुसती झुंबड उडाली होती. एका आठवड्यात नऊ लग्नं, आणि बाजारात कॅसेट मिळेना. इंदूरहून येणारा माल चार दिवस अडकलेला. मी कपाट उघडलं आणि हाताला येईल त्या जुन्या कॅसेट घेतल्या. सगळे घेत होते. वापरलेल्या कॅसेटवर परत शूट करणं हा आमच्या धंद्यात गुन्हा नव्हता, शहाणपणा होता.

पावसाळ्यानंतर सुकलाल परत आला. तोवर दोन्ही कॅसेटवर दोन लग्नं लागून गेली होती. मी ते त्याला सांगितलं असतं तर तो काय करणार होता? भांडला नसता. हात जोडून गेला असता, आणि घरी जाऊन म्हाताऱ्या आईला म्हणाला असता, माय, पोरांना शिकव, तिकडचं गेलं. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि मला त्यांच्यासमोर कमीपणा नको होता.

"सांभाळून ठेवलीय," मी म्हणालो. "तुमच्या घरी उंदीर, ओल. इथे माझ्या कपाटात सुरक्षित आहे. लागेल तेव्हा या."

सुकलालचा चेहरा मोकळा झाला. तो खुशीत निघून गेला. मी त्याला आयुष्यात जी सगळ्यांत वाईट गोष्ट दिली ती ही, आणि ती त्याने दोन्ही हातांनी घेतली.

आता त्याची पोर माझ्यासमोर उभी होती. "आबा दोन वर्षांआधी गेले," ती सांगत होती. "आजीला पण बारा वर्षं झाली, तिची सिडोली बाकीच आहे. दोघांची बरोबरच करायची ठरलंय, महोत्सवानंतर. पण नावं कुणाला येत नाहीत काका. आत्याला दोन येतात. आजी म्हणायची शिकून घ्या, तर आबा म्हणायचे, शहरात टेपमध्ये आहे सगळं, कायले जीव खाते पोरींचा. आजी पण मग थांबली. महोत्सवात आजीचा आवाज लावू, सगळ्यांना ऐकवू, आणि आम्ही पोरी त्याच्यावरून शिकून घेऊ. तेवढी टेप द्या."

"शोधतो," मी म्हणालो. तिने वाकून नमस्कार केला, आणि मी तो करू दिला.

लोधीपुऱ्यात आमच्या घरी माळ्यावर दोन पत्र्याच्या पेट्या आहेत. कॅसेटचा जमाना गेला तेव्हा दुकानातला सगळा माल मी तिथे नेऊन टाकला होता. त्या संध्याकाळी मी शिडी लावली तशी माझी बायको तृप्ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कायले वर चढून राहिले? गुडघा दुखते ना तुमचा?"

"एक कॅसेट पाहिजे."

"इतक्या वर्षांत नाही लागली अन् आज लागली?"

मी शिडी चढलो. मनात एक वेडी आशा होती. कदाचित मी दुसऱ्याच कॅसेट घेतल्या असतील. कदाचित आंबाडोह तसंच पडलं असेल. माणसाला स्वतःचा गुन्हा विसरायला फार वेळ लागत नाही, मी तर अर्धा विसरलोच होतो.

एक सापडलीच नाही. दुसरी सापडली. छोटी डीव्ही कॅसेट, लेबलवर 'आंबाडोह २' असं लिहून त्यावर रेघ मारलेली, खाली 'समाधान–रंजिता विवाह, शेवटची'. दोन्ही माझ्याच अक्षरात.

जुना हँडीकॅम तीन दिवस दुरुस्त करण्यात गेला. मग मी दुकानाचं शटर अर्धं ओढून कॅसेट लावली. समाधान आणि रंजिता. वरात, वरमाला, जेवणं. केळीच्या बागायतदाराचं लग्न होतं, तीनशे माणसांची पंगत एकेक पान दाखवत मी शूट केली होती. पंचावन्न मिनिटं झाली, छप्पन्न, सत्तावन्न. रंजिता गाडीत बसली, गाडी हलली, पडदा निळा झाला.

आणि निळ्यातून एकदम मोहाचं झाड आलं.

लग्न कॅसेटच्या आधी संपलं होतं. शेवटचा तुकडा कुणी पुसला नव्हता. मुंगलीबाई मोहाखाली बसली होती, डोळे मिटलेले, आणि गात होती. ढोल वाजत होता. तिचा आवाज मी अठरा वर्षांत पहिल्यांदा ऐकला असं म्हटलं पाहिजे, कारण तेव्हा मी तो ऐकलाच नव्हता. जाड, खरखरीत, जमिनीला चिकटून चालणारा आवाज. एक नाव घ्यायचं, थांबायचं, ढोलाचे काही ठोके जाऊ द्यायचे, पुढचं नाव. आता नाव म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, म्हणून ते ऐकू येत होतं. डोमा. झोलू. मला रडू आलं, आनंदाचंच. उरलंय, मी मोठ्याने म्हणालो, काहीतरी उरलंय.

तेवढ्यात कॅसेटमध्ये मी बोललो.

कॅमेऱ्याचा माईक कॅमेऱ्यावरच असतो. त्याच्या सगळ्यांत जवळ असतो तो कॅमेरावाला. मुंगलीबाई वीस फुटांवर, मी चार बोटांवर. "वामन, अरे त्या बाईला सांग बस कर म्हणून. बॅटरी चालली. पंगत बसली का बघ. हिचं रडगाणं काही संपत नाही." मग वामनचं हसणं. या सगळ्याच्या मागे कुठेतरी तिचं तोंड हलतंय, आणि काहीच कळत नाही. आम्ही गप्प झालो तेव्हा ती पुढच्या नावावर पोचली होती. बिसराम. मग लखमा, सुकलालचा बाप, ज्याची ती सिडोली होती. मग पडदा काळा.

दोन मिनिटं चाळीस सेकंद. मी ते त्या दिवशी बहुतेक तीस वेळा ऐकलं. प्रत्येक वेळी वाटायचं की यावेळी तरी हा मूर्ख गप्प बसेल.

पुढचे तीन आठवडे मी पूजाचा फोन उचलला नाही. इतकं सोपं होतं सगळं. बुरशी लागली म्हणायचं. जुन्या कॅसेटला बुरशी लागतेच, कुणाला शंकासुद्धा आली नसती. आणि ते रडगाणं म्हटलेलं माझ्याच आवाजात साऱ्या गावासमोर वाजलं नसतं. मी तृप्तीला सगळं सांगितलं ते तिने हो म्हणावं म्हणून. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

"म्हणा ना मग बुरशी लागली," ती म्हणाली. "तिच्या बापाले एक खोटं सांगितलं, पोरीले दुसरं सांगा. तुम्हाले काय अवघड आहे?"

तिच्या बोलण्याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. पण महोत्सवाच्या सकाळी मी खकनारची बस धरली.

आंबाडोहची शाळा ओळखू येत नव्हती. कमानीवर बांबूची तोरणं, 'आपला पडदा' अशी कापडी पाटी, तिच्यावर पोरांनी गेरूने काढलेले घोडे. हॉलच्या खिडक्यांना केळीच्या शेतातला काळा मल्चिंग पेपर लावून भरदुपारी अंधार केला होता. मी मागे उभा राहून दोन पिक्चर बघितले. एकात एक मुलगी आईबरोबर मधाच्या पोळ्यासाठी जंगलात जाते, एवढंच. मी मनातल्या मनात चुका काढत होतो, फ्रेम हलते, उजेड कमी आहे. मग लक्षात आलं की त्यात एकही गाणं बसवलेलं नाही. पानांवर पडणारी पावलं, आईचा दम लागलेला श्वास, मधमाश्या. हॉलमधली माणसं आपल्याच जंगलाचा आवाज ऐकत गप्प बसली होती, आणि आई सापडलेलं पोळं दाखवते तिथे साऱ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. माझ्या तीस वर्षांत माझ्या कॅसेटला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाहेर शाळेच्या पारावर दोन म्हातारे सागाची फळी कोरत होते. सुकलालचा मुंडा. घोड्याचं तोंड झालं होतं, पाय व्हायचे होते. तिथे मी पूजाला गाठलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. व्हीसीडीचं, लग्नांचं, तिच्या बापाला जे म्हणालो ते. एकही वाक्य गाळलं नाही. म्हाताऱ्यांची पटाशी थांबली होती.

पूजाने त्या अर्ध्या घोड्यावर हात ठेवला.

"म्हणजे आबा आले तेव्हाच ती गेली होती?"

"हो."

"आणि आजी तेव्हा जिती होती."

"हो. सहा वर्षं होती त्यानंतर."

तिने डोळे पुसले, रागाने, मनगटाने. "किती उरलंय?"

"दोन मिनिटं चाळीस सेकंद."

"त्यात आजी आहे?"

"आहे. माझ्या मागे आहे."

ती मला शिवी देईल असं मला वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुढे केला आणि मी पेन ड्राईव्ह तिच्या हातावर ठेवला. तिच्याबरोबरच्या अनिकेत नावाच्या मुलाने तासभर लॅपटॉपवर खटपट केली. आजकाल आवाज वेगळे करणारं काहीतरी निघालंय. माझा आवाज निघाला, पण त्याबरोबर तिचाही निघाला. नुसता ढोल उरला. दोघांचे आवाज एकाच जागी आहेत, तो म्हणाला, काय करणार. मग पूजाच म्हणाली, "राहू दे. जसं आहे तसं लाव."

हॉल भरला होता. माणसं खिडकीच्या कट्ट्यावर, दारात, एकमेकांच्या पाठीला टेकून. पूजाने कोरकूत काही सांगितलं. मला त्यात माझं नाव ऐकू आलं नाही. तिने ते घेतलंच नव्हतं.

मोहाचं झाड आलं. मुंगलीबाई आली, भिंतीएवढी मोठी. पुढे बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली. सुकलालची बहीण, सुमरतीबाई, सत्तरीची. आईचा आवाज आला तसा तिने तोंडावर पदर दाबला. डोमा, मुंगलीबाई म्हणाली. झोलू.

"वामन, अरे त्या बाईला सांग बस कर म्हणून."

माझा आवाज त्या हॉलमध्ये केवढा मोठा वाटला. तीनशे माणसं, आणि त्यांच्यापैकी ज्यांना मराठी येत होतं त्यांनी मागे वळून बघितलं. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. बिसराम, लखमा, आणि पडदा काळा झाला. सुमरतीबाई काहीतरी म्हणाली आणि पूजाने ते पुन्हा लावलं. पुन्हा म्हणाली, पुन्हा लावलं. सहा वेळा. सातव्या वेळी म्हातारी अगदी पडद्याशी गेली, आईच्या तोंडाजवळ कान नेला, तिथे नुसती भिंत होती. माझं बोलणं सुरू झालं तशी तिने डोळे घट्ट मिटले आणि मान हलवत राहिली, नाही, नाही, नाही. बिसराम तिचा आजा, तेवढं तिला ठाऊक होतं. बिसरामचा बाप कोण, झोलू आणि बिसरामच्या मधला, ते नाव तिच्या आईच्या तोंडात होतं आणि माझ्या बोलण्याखाली होतं. डोमाच्या वरचेही किती गेले, ते कुणालाच माहीत नाही. पण ते निदान पूर्ण गेले. हा एक दिसत होता. तोंड हलताना दिसत होतं.

चैत्रात पूजाचा फोन आला. सिडोली आहे, या. आणि कॅमेरा आणा.

"मी?" मी विचारलं.

"तुम्हाला शूटिंग येतं ना? मग या. फक्त बोलू नका, काका."

मोहाखाली दोन नवे मुंडे उभे होते, आई आणि मुलगा शेजारी शेजारी. भूमक्याने, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याने, आपलं काम केलं. मग ढोल सुरू झाला. सुमरतीबाई पुढे बसली, पूजा आणि चार पोरी तिच्या मागे. महोत्सवापासून दोन महिने त्यांनी रोज तो तुकडा लावून गाणं पाठ केलं होतं. पाच पोरींच्या तोंडून मुंगलीबाईचा तो जाड, खरखरीत सूर निघाला.

डोमा, त्या म्हणाल्या. ढोल वाजत राहिला. झोलू.

आणि त्या गप्प झाल्या.

ढोल थांबला नाही. मी मोजले. चौदा ठोके. माझ्या बोलण्याला आणि वामनच्या हसण्याला जेवढा वेळ लागला होता, बरोबर तेवढा. त्या पाचही जणी आणि म्हातारी तोंड मिटून, खाली बघत, ते ठोके जाऊ देत होत्या. जमलेली सगळी माणसंही गप्प होती. पंधराव्या ठोक्याला सुमरतीबाईने तोंड उघडलं, बिसराम, मग लखमा, मग मुंगली, मग सुकलाल. हे तुमचेच आहेत. यांना ओळखा.

नंतर जेवताना मी पूजाला विचारलं की तुम्ही ती जागा जोडून का नाही घेतली. झोलूनंतर लगेच बिसराम घेतलं असतं, कुणाला कळलं नसतं.

"तिथे कुणीतरी आहे ना, काका," ती म्हणाली. "त्याचं नाव नाही माहीत म्हणून त्याला बसायला जागा पण नाही द्यायची?"

पंगत बसली होती. ती मला वाढत होती.

त्या पोरींना आता ते गाणं तसंच येतं. त्या आपल्या मुलींना तसंच शिकवतील: झोलू म्हणायचं, चौदा ठोके गप्प राहायचं, मग बिसराम. मुली विचारतील, का गप्प राहायचं? काही वर्षं त्या सांगतील. नंतर कुणाला सांगता येणार नाही. रीत आहे म्हणतील, आणि प्रत्येक सिडोलीला तेवढ्या गप्प राहतील. तीस वर्षं मी लोकांचे आवाज पुसले, त्यातलं कुणी काही लक्षात ठेवलं नाही. माझं एवढं एकच काम टिकणार आहे.